भांड्याला भांडे लागते, असे किती दिवस म्हणायचे?

(ग्रामविकास कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



गाव कोणतेही घ्या. रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. गल्लीतल्या एका घरातून आधी चढा आवाज येतो, मग काहीतरी आदळल्याचा, आणि मग बाईच्या ओरडण्याचा. शेजारच्या घरात दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला जातो. समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेले वडीलधारे गृहस्थ म्हणतात, "भांड्याला भांडे लागायचेच." सकाळी तीच बाई पदर नेहमीपेक्षा जरा पुढे ओढून पाण्याला येते. कोणी विचारलेच तर "मोरीत पाय घसरला" एवढे सांगते. खरे काय ते विचारणारीला ठाऊक असते आणि सांगणारीलाही. दोघी घागरी भरून आपापल्या वाटेने जातात.

भांड्याला भांडे लागले की पोचा दोन्ही भांड्यांना पडतो. इथे मात्र वर्षानुवर्षे एकाच भांड्याला पोचे पडत असतात, आणि तरीही आपली म्हण बदलत नाही. ही म्हण वाईट हेतूने वापरली जाते असे नव्हे. संसार मोडू नये, पोरे उघडी पडू नयेत, चव्हाट्यावर शोभा होऊ नये, अशी बऱ्या मनाची काळजीही तिच्या पाठीशी असते. परंतु त्या काळजीची किंमत कोण चुकवते, हा प्रश्न आज या अभ्यासवर्गात नीट विचारला पाहिजे. येथे बसलेल्यांपैकी बहुतेकांचा गावात शब्द चालतो. ज्यांचा शब्द चालतो त्यांचे मौनही चालते, आणि मारणाऱ्याला ते बरोबर समजते.

प्रथम थोडे आकडे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के आहे. संतांच्या, समाजसुधारकांच्या या भूमीत चौघींमागे एक. आणि हे कबूल केलेल्यांचे प्रमाण आहे. त्याच सर्वेक्षणात असेही आढळले की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्यच आहे, असे मानणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ४४ टक्के निघाले, तर स्त्रियांचे ४५ टक्के. आकड्यांच्या या जंजाळात सर्वांत बोचणारा आकडा हा शेवटचा आहे. मार खाणारीलाच तो आपल्या वाट्याचा वाटतो, ही शिकवण तिला शाळेत मिळालेली नाही. ती घरात मिळाली, आईकडून, मावशीकडून, लग्नात कानात सांगितलेल्या चार शहाणपणाच्या गोष्टींतून.

व्यासपीठावरून स्त्रीसन्मानाविषयी बोलताना रांझे गावच्या पाटलाची गोष्ट हटकून सांगितली जाते. टाळ्याही पडतात. १६४० च्या दशकात या पाटलाने बदअंमल केला आणि शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले, एवढेच आपण सांगतो. त्या प्रसंगाचे पत्र उपलब्ध आहे आणि त्यातील तपशील अधिक विचार करायला लावणारे आहेत. अपराधी हा परका लुटारू नव्हता. तो गावचा पाटील होता, म्हणजे ज्याच्याकडे दाद मागायची तोच. त्याला हुजूर आणून चौकशी करण्यात आली, आरोप खरा ठरला, मग शिक्षा झाली. आणि वतन काढून त्याच्याच गोतातील दुसऱ्या माणसाकडे सोपविण्यात आले. आजच्या काळात त्या शिक्षेचे अनुकरण कोणी करू नये, कायदा आहे. अनुकरण करण्यासारखे आहे ते पुढचे: गावातील वजनदार माणसाविरुद्धची तक्रार ऐकून घेणारे कोणीतरी वर होते, आणि 'गावचा माणूस आहे, सांभाळून घ्या' असे त्याने म्हटले नाही.

गावचा माणूस दूरच राहो, सरकारी ठाणेसुद्धा सुरक्षित नव्हते, हे महाराष्ट्राने १९७२ मध्ये पाहिले. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांकडूनच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. 'ओरडली का नाही?' हा प्रश्न कायद्याने तेव्हा मागे टाकला. पारावर तो अजून विचारला जातो.

त्याच १९८३ मध्ये पती व सासरच्या क्रूरतेबद्दलचे ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर त्याची जागा कलम ८५ व ८६ यांनी घेतली आहे. हे फौजदारी कलम. त्याच्याविषयी पुष्कळ वाद झाले, पुढेही होतील. परंतु कार्यकर्त्याला ज्याची माहिती अधिक हवी तो कायदा दुसराच आहे: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही गावोगावी कोणी त्याचे नाव नीट सांगू शकत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या कायद्याचे मर्म असे, की स्त्रीला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचे नसले तरी संरक्षण मागता येते. पुष्कळ स्त्रियांना नेमके तेच हवे असते. मार थांबावा, घराबाहेर काढले जाऊ नये, पोरांच्या खर्चाची सोय व्हावी. दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश देऊ शकतात, राहत्या घराचा आदेश देऊ शकतात, निर्वाहाचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाईही. घर नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला रात्री अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर काढता येत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. म्हातारी आई, विधवा भावजय, माहेरी राहणारी बहीण, सर्वांसाठी आहे. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात हे खरे आहे, आणि म्हणूनच तारखेला तिच्यासोबत कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला कोणी तरी लागते.

आणि चौथे कलम प्रत्येकाने लक्षात ठेवावे. हिंसा घडते आहे असे ज्याला वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. शेजारी, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, किराणा दुकानदार, कोणीही. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 'आपण मध्ये पडलो आणि आपल्यावरच शेकले तर?' या भीतीला कायद्याने आधीच उत्तर दिलेले आहे.

मध्ये पडणे म्हणजे हाणामारीत उडी घेणे नव्हे. २००८ मध्ये देशभर एक जाहिरात मोहीम झाली होती. शेजारच्या फ्लॅटमधून मारहाणीचा आवाज आला की एक पुरुष जाऊन दाराची घंटा वाजवतो आणि वाटीभर दूध मागतो, किंवा आत चेंडू आला का म्हणून विचारतो. आतला हात थांबतो, कारण बाहेर कोणी तरी ऐकते आहे हे त्या हाताला कळते. गावात घंटेची गरज नाही, "काय हो, जागे आहात का?" एवढी हाक पुरते. धोका अधिक वाटला तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. स्त्रियांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. परंतु खरे काम दुसऱ्या दिवशी असते. तिला एकटीला गाठून, नवरा-सासू नसताना, काय झाले ते ऐकून घेणे. उपदेश न करणे. जखम असेल तर आधी दवाखाना, आणि डॉक्टरांना 'पडली' असे न सांगता खरे सांगणे, कारण तीच नोंद उद्याचा पुरावा असते. मुंबईत महापालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात २००१ पासून 'दिलासा' हे केंद्र याच विचाराने चालले: मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असे नाही, पण टाके घालायला रुग्णालयात येतेच, तेव्हा तिथेच तिला विचारावे. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही असाच. पोलिसांच्या छताखाली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसलेली. या दोन्ही प्रयोगांपासून तालुक्याच्या गावांनी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

आता एका नाजूक विषयाकडे वळले पाहिजे, कारण येथे बसलेल्या अनेकांनी त्यात काम केले आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरचे भांडण, पाटाच्या पाण्याचे भांडण, वर्षानुवर्षे कोर्टात खितपत पडलेले दावे गावातच मिटले, भावकी पुन्हा एका पंक्तीला बसली. हे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु बांधाचा तंटा आणि बाईला झालेली मारहाण यांना एकाच मापाने मोजण्याची चूकही याच काळात रुळली. बांधावर दोन बरोबरीचे खातेदार उभे असतात. मारहाणीत एकजण घराचा मालक असतो, आणि दुसरीला रात्री त्याच घरात परत जायचे असते. समितीपुढे सासरचे दहा जण बसलेले, तिच्या बाजूने थकलेला बाप, आणि प्रश्न असा: "बाई, तुला नांदायचे आहे ना?" ती नाही म्हणेल कशी? मग मुद्रांकावर लिहून घेतात, 'पुन्हा असे होणार नाही.' सह्या होतात, चहा होतो, तंटा मिटल्याची नोंद होते. आठव्या दिवशी तिच्या घरी जाऊन विचारपूस कोण करते? तो कागद कोणाच्या तरी फडताळात पडून असतो. दुसऱ्यांदा मार बसला की ती समितीकडे येत नाही, कारण समितीने काय केले ते तिने पाहिलेले असते.

समेट करूच नये असे नाही. पण समेटाआधी काही गोष्टी झाल्याच पाहिजेत. तिचे म्हणणे एकांतात, बाईने ऐकून घेतलेले असावे. तिला तिचे कायदेशीर हक्क आधी समजावलेले असावेत. मारहाण थांबणे ही पूर्वअट असावी, ती वाटाघाटीचा विषय होऊ नये. आणि पुढचे सहा महिने कोण किती वेळा घरी जाऊन येणार, हे नावानिशी ठरलेले असावे.

काही गोष्टींत मात्र समेट करण्याचा अधिकारच गावाला नाही. अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हाच २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. म्हणजे पारावर बसून 'मुलीच्या भवितव्यासाठी' प्रकरण दाबणारे पाच प्रतिष्ठित उद्या स्वतः आरोपी होऊ शकतात. बलात्काराच्या प्रकरणात तडजोडीला थारा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. 'त्याच्याशीच लग्न लावून देऊ' हा तोडगा तर ऐकतानाच अंगावर काटा आणणारा आहे. अपराध एका रात्रीचा होता, तो जन्मभराचा करायचा! जातपंचायतींनी असे निवाडे देऊन न मानणाऱ्यांना वाळीत टाकण्याचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले, आणि त्यातूनच सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जन्माला आला. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी नववधूच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आपल्याच पंचांसमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवले, ही अलीकडच्या काळातील अभिमानाने सांगावी अशी घटना आहे.

माहेराविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. ज्या थोड्या स्त्रिया मदत मागतात, त्या सर्वाधिक जातात स्वतःच्या माणसांकडे, माहेरी. पोलिसांकडे जाणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे माहेरचा उंबरा हेच बहुतेकींचे पहिले पोलीस ठाणे. तिथे काय होते? आई रडते, बाप म्हणतो, "चार दिवस राहा, मग सोडून येतो." भाऊ गप्प असतो, आणि भावजयीच्या चेहऱ्यावरून ती आपला मुक्काम मोजते. हे केवळ मायेच्या उणिवेमुळे होत नाही. त्यामागे सातबारा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. व्यवहारात काय घडते ते सर्वांना ठाऊक आहे. वडील गेले की बहिणींना बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. सही दिली नाही तर माहेर तुटते; दिली तर माहेर राहते, पण पाहुणी म्हणून. ज्या घरावरचा हक्क तिने सहीनिशी सोडला, त्या घरात मध्यरात्री दोन पोरे घेऊन ती कोणत्या बळावर येणार? बहिणीकडून हक्कसोड न मागणारा भाऊ राखीला ओवाळणीत काय घालतो, याची मग फारशी चर्चा करायला नको.

दारूचा मुद्दा निघणारच, आणि निघालाही पाहिजे. याच सर्वेक्षणानुसार ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात अशा स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीची बंदी तर लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. महिला मतदारांच्या मतदानाने गावातील परवानाप्राप्त दुकान बंद करता येते, आणि 'आडवी बाटली' करून अनेक गावांनी ते करून दाखवले. मात्र त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा कोणी सांगत नाही: ज्यांचे पती दारूला शिवतही नाहीत, त्यांतील २३ टक्के स्त्रियांनीही मार खाल्लेला आहे. माळकरी घरातही हात उठतो. दुकान बंद केले म्हणजे काम झाले, अशा समजुतीत कोणी राहू नये.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे मजुरीचे एककच 'कोयता' आहे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते. फडाशेजारच्या पालाला दार नसते, कडी नसते. वयात आलेली मुलगी सोबत न्यावी तरी धास्ती, मागे ठेवावी तरी धास्ती. मग सोपा वाटणारा मार्ग म्हणजे तिचे लग्न उरकणे. हा बालविवाह कोणाच्या दुष्टाव्यातून होत नाही, भीतीतून होतो. त्यामुळे केवळ मांडवात पोलीस पाठवून तो थांबणार नाही. ग्रामसेवक हा गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, हे सर्व खरे. पण त्या मुलीसाठी गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होते का, आणि तिथे विश्वासू बाई राहायला असते का, यावर तिचे लग्न थांबणे अवलंबून आहे. हे काम दिवाळीआधी करावे लागते. दिवाळीनंतर टोळ्या निघून गेलेल्या असतात.

कोणी म्हणेल, या सगळ्याने कुटुंबसंस्था मोडेल. खोट्या तक्रारी होतात, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना गोवले जाते. होय, असे घडते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सरसकट अटकेला लगाम घातला, तो योग्यच होता. निरपराध माणसाला त्रास होऊ नये याची चिंता न्यायालयाने करावी, कार्यकर्त्यानेही करावी. पण काही प्रकरणे खोटी निघतात म्हणून दारात आलेली प्रत्येक बाई खोटी, असा निष्कर्ष काढणाऱ्याने ते ७७ टक्के आठवावेत. आपल्याकडील अडचण तक्रारींच्या पुराची नाही, न झालेल्या तक्रारींची आहे. आणि घर मोडते ते पहिला हात उठतो त्या दिवशी. तक्रार फार नंतर येते.

पुरुषांशी बोलल्याखेरीज यातले काहीच पुढे सरकत नाही, आणि महिला मेळाव्यात पुरुष नसतात. १९९१ मध्ये एका पत्रकाराने वृत्तपत्रात जाहिरात दिली होती: बायकोला मारणे चूक आहे असे ज्या पुरुषांना वाटते, त्यांनी संपर्क साधावा. दोनशेच्या आसपास पुरुषांनी उत्तर दिले आणि त्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. तालमीत, गणेशोत्सव मंडळात, भजनी मंडळात हा विषय काढणारा पुरुष कार्यकर्ता प्रत्येक गावात एक तरी हवा. त्याची थोडी टिंगल होईल. ती सोसण्याइतके तो खंबीर असावा.

गाव ठरवले तर काय करू शकते, याचे उदाहरण शिरोळ तालुक्यातील हेरवाडने दिले. करोनाच्या काळात अनेक तरुण माणसे गेली, आणि त्यांच्या पत्नींच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे हे गावाने जवळून पाहिले. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हे उदाहरण घालून दिले. कोणाचाही हात न उठता शोकाकुल बाईवर होणारी ही हिंसाच होती, आणि तिला हिंसा म्हणायला एखाद्या आयोगाची वाट पाहावी लागली नाही. ठरावानंतर प्रत्येक घरात बदल झाला असे नाही. तो घरोघरी जाऊनच होतो.

हेरवाडने वापरले ते हत्यार प्रत्येक गावाकडे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा, असे कायदा सांगतो. पुष्कळ ठिकाणी ही महिला सभा फक्त वहीत होते. अंगणवाडीच्या मदतनीस वही घेऊन घरोघर फिरतात आणि सह्या गोळा करतात. येथून गावी परतल्यावर आधी ती वही पाहावी. पुढच्या महिला सभेच्या विषयपत्रिकेवर तीन विषय घालता येतील: तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवणे, तंटामुक्ती समितीपुढे आलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांत पुढे काय झाले याचा अहवाल, नावे न घेता, वाचून दाखवणे, आणि ज्या रात्री एखादीला घर सोडावे लागेल त्या रात्रीपुरते तिला व तिच्या मुलांना ठेवून घेण्यास तयार असलेल्या दोन घरांची निवड. तिसऱ्या विषयावर सभा बराच वेळ गप्प राहील. घाई करू नये. कोपऱ्यात बसलेली, फारशी न बोलणारी एखादी आजीच बहुधा आधी हात वर करते.